ठराव, पट्टी आणि पावती : मोरिवली-अंबरनाथच्या नगरकारभारातील शब्दांचा इतिहास

ठाणे जिल्ह्यातील मोरिवली हे गाव आज स्वतंत्र गाव म्हणून फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. अंबरनाथ नगरपरिषदेच्या हद्दीत त्याचा अंतर्भाव झालेला आहे. आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या रासायनिक कारखान्यांच्या क्षेत्राला त्याचे नाव मिळाल्यामुळे ते आता वस्तीपेक्षा कारखान्यांच्या पत्त्यांतच अधिक आढळते. तथापि जमिनीच्या कागदावर ‘मौजे मोरिवली’ हे जुने अभिधान कायम आहे, आणि त्याच जमिनीवरील घराच्या कराची नोंद मात्र नगरपरिषदेच्या प्रभागात होते. एकाच घराच्या दोन कागदांवर दोन राजवटींची भाषा अशी शेजारीशेजारी नांदते.

या परिसराने गेल्या पाऊणशे वर्षांत स्थानिक कारभाराची अनेक रूपे पाहिली. पाटील-तलाठ्यांचा गावगाडा, १९५९ मध्ये अंबरनाथची नगरपालिका, १९८३ पासून कल्याणची महानगरपालिका, १९९२ पासून पुन्हा अंबरनाथची नगरपरिषद, आणि मधूनमधून प्रशासक. प्रत्येक फेरबदलाबरोबर कायद्याचे नाव बदलले, खुर्चीवर बसणाऱ्याचे पदनाम बदलले, कचेरीची पाटी बदलली. परंतु घरमालकाच्या हाती पडणाऱ्या कागदावरील शब्द पाहिले, तर घरपट्टी, थकबाकी, वसुली, हरकत, मुदत, पावती ही सारी मंडळी जागच्या जागी आहेत. नगरशासनाचा इतिहास बहुधा वरच्या अंगाने, म्हणजे कायदे आणि पदे यांच्या क्रमाने लिहिला जातो. तो खालच्या अंगाने, म्हणजे पावतीच्या बाजूने वाचला, तर काही निराळ्या गोष्टी दृष्टीस पडतात.

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणिराजाच्या काळचा आहे. या घराण्याच्या ताम्रपटांत दानाची वार्ता ज्यांना कळवावयाची त्यांची एक ठराविक यादी येते, आणि तीत ‘हंजमन-नगर-पौर-त्रिवर्ग’ असा समास वारंवार आढळतो. ‘हंजमन’ म्हणजे ‘अंजुमन’, बहुधा किनाऱ्यावरील परदेशी व्यापाऱ्यांचा समुदाय, असा अर्थ अभ्यासकांनी लावलेला आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, राजाज्ञा ऐकण्याचा अधिकार असलेला ‘पौर’ हा वर्ग कोकणातील लेखांत अकराव्या शतकात नोंदला गेला होता, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून एक फारसी शब्दही बसलेला होता. मराठी कारभाराच्या भाषेत ‘शुद्ध’ असा काळ शोधू पाहणाऱ्याने ही यादी अवश्य डोळ्यांखालून घालावी.

मराठेशाहीत वस्तीचे भेद ‘मौजे’, ‘कसबा’ आणि ‘पेठ’ या शब्दांनी दाखवीत. कल्याण हा कसबा, मोरिवलीसारखी गावे मौजे. कसब्यात व पेठेत शेटे-महाजन असत, गावात पाटील-कुलकर्णी. परंतु नगराचा म्हणून वेगळा कायदा नव्हता. खर्च मात्र होताच. देवळाचा दिवाबत्तीचा खर्च, उत्सव, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा सरबराई-खर्च, गावकुसाची डागडुजी या साऱ्यांसाठी सरकारी वसुलाच्या जोडीला गावावर जी रक्कम वाटून बसविली जाई तिला ‘सादिलवार पट्टी’ म्हणत. हीच आजच्या नगरपालिकेच्या कराची खरी पूर्वज होय.

‘पट्टी’ हा शब्द येथे जरा थांबून पाहण्याजोगा आहे. लांबट चिंध्या, फळ्या, जमिनीचे तुकडे यांना आपण पट्टी म्हणतो. त्यावरून वाटणीचा तुकडा, म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर येणारा वाटा, हा अर्थ सहज निघतो. सार्वजनिक उत्सवासाठी ‘पट्टी काढणे’ हा प्रयोग त्याच अर्थाचा. पेशवाईच्या कागदांत घरपट्टी, म्हैसपट्टी, कर्जपट्टी अशी याची कितीतरी अपत्ये भेटतात, आणि त्यांतील कर्जपट्टीसारखी काही निखालस वरून लादलेली होती हेही खरे. तरीसुद्धा शब्दाच्या गाभ्यात ‘वाटून घेतलेला भार’ ही कल्पना शिल्लक राहिली. ‘कर’ या संस्कृत शब्दात ती नाही. तेथे राजाचा हात आहे. सरकारी मराठीने ‘मालमत्ता कर’ हा शब्द रूढ करण्याचा प्रयत्न केला, नोटिशीच्या डोक्यावर तो छापलाही जातो. परंतु घरी पैशाची गोष्ट निघते तेव्हा ‘घरपट्टी भरली का?’ असेच विचारले जाते. लोक येथे केवळ सवयीने बोलतात असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. सवय तर ‘कलेक्टर’ची आणि ‘मामलेदारा’चीही होती, मामलेदार कागदावरून गेला आणि बोलण्यातूनही बव्हंशी गेला.

इंग्रजी अमलात कारभाराला कायद्याचे रूप आले. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने ज्या गावचे रहिवासी मागणी करतील तेथे नगरपालिका स्थापन करण्याची सोय झाली. कल्याणला ती १८५५ मध्ये स्थापन झाली. आदल्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, आगगाडी कल्याणपर्यंत येऊन पोहोचली होती, आणि नव्या वाहतुकीबरोबर येणारे रस्ते, धर्मशाळा, पाणी आणि स्वच्छता यांचे प्रश्न दाराशी उभे होते. पुढे मुंबई इलाख्यात १८७३, १८८४ व १९०१ हे जिल्हा नगरपालिकांचे कायदे आणि मोठ्या शहरांसाठी १९२५ चा बरो कायदा असा क्रम लागला. १८८२ च्या रिपन ठरावानंतर लोकनियुक्त सभासदांचा प्रवेश वाढला, हे सर्वश्रुत आहे.

या काळात मराठीवर जे काम पडले ते मात्र कमी सर्वश्रुत आहे. एका विशिष्ट रीतीने सभा भरविणे, विषयपत्रिका आधी पाठविणे, एकाने सूचना मांडणे, दुसऱ्याने तिला दुजोरा देणे, मते मोजणे, आणि झाले ते दुसऱ्या सभेत वाचून कायम करणे ही सारी रीत नवी होती. तिच्यासाठी मराठीने ‘ठराव’ हा शब्द निवडला, आणि ही निवड फार मार्मिक ठरली. मोल्सवर्थच्या कोशात या शब्दाचे अर्थ निश्चितता, ठरलेली गोष्ट, करार असे दिलेले आहेत. म्हणजे दोन किंवा अधिक पक्षांमध्ये बोलणे होऊन जे स्थिर झाले ते. ‘हुकूम’ वरून सुटतो, ‘निवाडा’ तिऱ्हाईत देतो, ठराव मात्र ज्यांच्या-ज्यांच्यात व्हावयाचा त्यांच्यातच होतो. ‘ठरणे’ हे अकर्मक क्रियापद त्याच्या मुळाशी आहे. ‘सभेत असे ठरले की’ या वाक्यात कर्ता कोणी एक नसतो.

ठरले त्याच्याशी न जुळणारे मतही त्याच कागदावर नोंदले जाते, हे या रीतीचे दुसरे अंग. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. गव्हर्नर जनरल लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून खर्च करण्याचा प्रश्न १८८० मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. खर्च मंजूर झाला. तरीही आज तो प्रसंग सांगता येतो याचे एक कारण असे की, सभेच्या कामकाजात विरुद्ध मताला जागा ठेवण्याची पद्धत होती. सूचक, अनुमोदक, बाजूने, विरुद्ध, तटस्थ : इतिवृत्ताच्या या रूक्ष रकान्यांमुळेच ठरावाला ठरावपण येते.

स्वातंत्र्यानंतर या परिसराचा चेहरा वेगाने पालटला. आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथला महायुद्धापूर्वीच आला होता. १९५३ मध्ये यंत्रांचे आद्यनमुने करणारा संरक्षण खात्याचा कारखाना निघाला. शेजारची कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत बनली, आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील पत्त्यांत ‘कँप नंबर १’ पासून ‘कँप नंबर ५’ पर्यंतची लष्करी मोजदाद अद्याप जिवंत आहे. नगर आले, महानगरपालिका आली, पण छावणी पत्त्यातून उठली नाही. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि मोरिवलीच्या नावाचा औद्योगिक विस्तार त्याच धोरणातून पुढे आला.

याच सुमारास मराठी राजभाषा होण्याच्या वाटेवर होती. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला. आचार्य अत्रे यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणविले, हे मराठी वाचकांच्या चांगलेच स्मरणात आहे. वस्तुतः ही परंपरा जुनी आहे. शिवकालात रघुनाथ पंडिताने राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध झाला. पदनाम कोशाची थट्टा करणे सोपे होते. परंतु त्याने सुचविलेल्या किती संज्ञा आज कोणाला खटकत नाहीत हेही पाहिले पाहिजे. ‘जिल्हाधिकारी’, ‘मुख्याधिकारी’, ‘आयुक्त’, ‘अभियंता’ हे शब्द साठ वर्षांत गुळगुळीत झाले आहेत.

मात्र या प्रयत्नाची मर्यादा त्याच्या नावातच होती. तो पदनामांचा कोश होता. संस्कृतोद्भव परिभाषेने खुर्च्या जिंकल्या. पेटी जिंकली नाही. प्रेसिडेंटचा ‘नगराध्यक्ष’ झाला, चीफ ऑफिसरचा ‘मुख्याधिकारी’ झाला, कमिटीची ‘समिती’ झाली, वॉर्डाचा ‘प्रभाग’ झाला. परंतु पैशाचा जेथे स्पर्श होतो तेथे अरबी-फारसी आणि देशी शब्दांनी जागा सोडली नाही. ‘वसुली’, ‘बाकी’, ‘जप्ती’, ‘हप्ता’ हे बाहेरून आलेले. ‘पट्टी’, ‘थकणे’, ‘भरणा’ हे घरचे. ‘थकबाकी’ हा दोघांच्या सोयरिकीतून झालेला. ‘पावती’ तर ‘पावणे’ या साध्या क्रियापदापासून आलेली. पैसे पावले असे कचेरीने लिहून देणे म्हणजे पावती. याला ‘प्राप्तिपत्र’ असा पर्याय देणारा कोणी विद्वान निघाला असता, तरी खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाने पावतीच मागितली असती.

याचे कारण काय असावे? पदनाम वरून येते. ते शासनाच्या आदेशाने एका दिवसात बदलता येते, आणि अजूनही बदलले जाते. तलाठ्याला २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे नाव मिळाले. कराचा शब्द मात्र दोन बाजूंनी धरलेला असतो. देणारा आणि घेणारा या दोघांनाही त्याचा अर्थ तंतोतंत एकच कळला नाही, तर तंटा उभा राहतो. गेल्या सालच्या पावतीवरचा शब्द या सालच्या मागणीवर न दिसल्यास भरणारा विचारतो, हे नवीन काय? म्हणून येथे नवा शब्द केवळ नवा शब्द राहत नाही, तो नव्या कराचा संशय ठरतो. ज्या ठिकाणी नागरिक कारभाराशी खरोखर घासाघीस करतो, तेथेच भाषा सर्वांत स्थिर राहिली.

आकारणीची पद्धत पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. महाराष्ट्र नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यानुसार इमारती व जमिनी यांची आकारणी यादी तयार होते, ती लोकांना पाहावयास खुली असल्याची जाहीर सूचना निघते, ठरलेल्या मुदतीत हरकती घेता येतात, हरकतीची सुनावणी होते, आणि मगच यादी कायम होते. ‘हरकत’ या शब्दाचा अरबीतील मूळ अर्थ हालचाल; मराठीत तो अडथळा आणि पुढे आक्षेप झाला. ही हरकत नगरकारभारातील सामान्य माणसाचे सर्वांत धारदार शस्त्र आहे, कारण ती घेण्यासाठी निवडून यावे लागत नाही. ग्रामपंचायतीतही हीच रीत लहान प्रमाणावर आहे. तेथे घरांच्या आकारणीची नोंदवही ‘नमुना नंबर आठ’ या नावाने ओळखली जाते, आणि महसुलाकडे खातेदाराच्या जमिनीचा वेगळा ‘आठ-अ’ असतो. घराचा उतारा मागावा आणि जमिनीचा मिळावा, असा घोटाळा या आकड्यांच्या साम्यामुळे होऊ शकतो. ‘सात-बारा’ हे दोन आकडे मराठीत नाम होऊन बसले, याहून दप्तराच्या भाषेचे सामर्थ्य कोणते सांगावे?

कर नाहीसा झाला तर शब्दाचे काय होते, याचे उदाहरण म्हणजे ‘जकात’. नगरपालिकांच्या उत्पन्नाचा हा मोठा आधार होता. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. तिच्या जागी शासनाकडून अनुदान येऊ लागले, आणि स्वतःच्या वेशीवर पैसा गोळा करणारी संस्था राजधानीकडे डोळे लावून बसू लागली. शब्द हळूहळू स्थलनामात शिरला. नाके राहिले, जकात गेली. पाण्याची कथा वेगळी. अंबरनाथ-बदलापूरचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे, औद्योगिक क्षेत्राला पाणी देणारे बारवी धरण महामंडळाचे. त्यामुळे पाण्याविषयीची तक्रार ऐकून घेणारा नगरसेवक आणि पाण्याचे देयक पाठविणारी कचेरी यांचा येथे एकमेकांशी थेट संबंध नाही. ज्याला मते दिली त्याच्या हाती नळाची किल्ली नाही, ही लहान नगरांच्या स्वराज्यातील एक नित्याची विसंगती होय.

आता ‘ठरावा’कडे परत वळावयाचे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि कल्याण, डोंबिवली यांच्याबरोबर अंबरनाथ व बदलापूर हाही भाग तिच्यात गेला. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांचा म्हणून सांगितला जातो. शिलाहारांच्या ताम्रपटांतील ‘पौर’ अशा रीतीने नऊशे वर्षांनी अंबरनाथच्या वाट्याला पुन्हा येण्याचा योग होता. तो आला नाही. कल्याण महानगरपालिकेची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. तोपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. अंबरनाथ आणि बदलापूर १९९२ मध्येच बाहेर पडून त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या होत्या. म्हणजे महानगरपालिकेत असलेल्या साऱ्या वर्षांत या गावांनी महापौर पाहिलाच नाही. पट्टी मात्र भरली, आणि पावत्याही घेतल्या.

दुसरा प्रसंग अगदी अलीकडचा. २०१५ मध्ये निवडून आलेल्या अंबरनाथ नगरपरिषदेची मुदत २०२० मध्ये संपली, आणि २०२५ अखेरपर्यंत नवी निवडणूक झाली नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातलेले असताना हे घडले, आणि ते राज्यातील अनेक नगरांत घडले. दैनंदिन कारभार थांबला नाही. थांबणे शक्यच नव्हते. कचरा उचलावयाचा होता, निविदा काढावयाच्या होत्या, अंदाजपत्रक मंजूर करावयाचे होते. प्रशासक हे निर्णय घेतो, आणि त्या निर्णयाच्या कागदालाही ‘ठराव’ असेच म्हणतात : प्रशासकीय ठराव, क्रमांक अमुक, दिनांक अमुक.

भाषेच्या अभ्यासकाने येथे सावध झाले पाहिजे. या ठरावाला सूचक नाही, अनुमोदक नाही, विरुद्ध मताचा रकाना नाही. एकाच व्यक्तीपुढे विषय येतो आणि तीच व्यक्ती तो मंजूर करते. मराठीच्या प्रकृतीप्रमाणे हा ‘हुकूम’ किंवा ‘आदेश’ होय. कायद्याने सभेचे अधिकार प्रशासकाला दिलेले असतात, म्हणून सभेच्या कृतीचे नावही त्याच्या कृतीला लागते, हे तांत्रिक समर्थन बिनचूक आहे. परंतु पन्नास वर्षांनी दप्तर चाळणाऱ्या संशोधकाला २०१९ चा ठराव आणि २०२३ चा ठराव एकाच नावाखाली, एकाच क्रमांकाच्या पद्धतीने सापडतील, आणि मधल्या काळात एक अख्खे सभागृह नव्हते ही गोष्ट शब्दावरून कळणार नाही. पट्टीचा शब्द टिकला कारण त्यामागील व्यवहार टिकला; ठरावाचा शब्द व्यवहार नसतानाही टिकला. दोन्ही टिकण्यांना एकच नाव देणे चूक होईल.

कारभाराची भाषा नागरिकाला कळली पाहिजे या भूमिकेतून २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेविषयी राज्याने स्वतंत्र कायदा केला, आणि त्यांच्या कामकाजात मराठी सक्तीची केली. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होते. १९५६ पासून ते तसे होते. त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने उर्दूचा जोड वापर कायद्याने निषिद्ध नाही असा निर्णय दिला. नगरपरिषद ही लोकांच्या रोजच्या गरजांशी संबंध असलेली संस्था आहे, हा विचार त्या निर्णयाच्या केंद्रस्थानी होता. या वादात पाटीवरच्या लिपीची जेवढी चर्चा झाली, त्याच्या शतांशाने तरी आतल्या कागदांच्या भाषेची व्हावयास हवी होती. फलक मराठीत असूनही आतील नोटीस घरमालकाला वाचून समजत नाही, अशी कचेरी राजभाषेचा कायदा पाळते. कायद्याचा हेतू पाळते असे म्हणता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या २,५३,४७५ होती. तेव्हा ‘लहान गाव’ हे विशेषण त्याला केवळ नगरपरिषदेच्या कायद्याखाली असल्यामुळेच लावता येते. डिसेंबर २०२५ मध्ये येथे मतदान झाले, आणि सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. प्रशासकाच्या काळातील ठराव कायदेशीर दृष्ट्या जुन्या ठरावांच्याच मालिकेत बसतात. त्यांच्यापुढचा क्रमांक देऊन नव्या सभेच्या कामकाजाची नोंद सुरू होते. त्या नोंदीत सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहिण्याच्या जागा पाच वर्षांनी पुन्हा भरल्या जातात.